बंद खोलीतली ऊब

खानदेश म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उन्हाळाच उभा राहतो. मे महिन्यातली ती ४४-४५ अंशांची काहिली, दुपारी ओस पडलेल्या गल्ल्या, लिंबाच्या सावलीला टाकलेल्या खाटा. "तुमच्याकडे थंडी पडते का हो?" असं पुण्यातल्या नातेवाइकांनी मला कितीदा तरी विचारलंय. मी त्यांना एकदा पौषात रनाळ्याला मुक्कामाला या, असं सांगतो. दुपारी अंगात सुती सदरा पुरतो आणि पहाटे गोधडीवर गोधडी घेतली तरी पाय पोटाशी घ्यावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत आमच्या नंदुरबार तालुक्यात रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, कधी त्याच्याही खाली जातं. वर सातपुड्यात डाब आणि तोरणमाळच्या बाजूला गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या तर आता दर दोन-चार वर्षांनी छापून येतातच.

या थंडीची एक गोष्ट सांगायची आहे. खरं म्हणजे ती माझ्या एका अर्धवट सल्ल्याची गोष्ट आहे. सल्ला फुकट दिला होता, पण त्याची किंमत एका पोराच्या जिवाएवढी होता होता राहिली.

आमच्या गल्लीच्या टोकाला मोटार रिवायंडिंगचं एक दुकान आहे. दुकान कसलं, दहा फूट बाय बारा फुटांची विटांची खोली, वर पत्रा, पुढे छोटी ओसरी. चालवणारा पोरगा तिशीतला. घरी आई, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. जळकी तार काढायची, स्टेटरच्या खाचांत नवा कागद बसवायचा, तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी हातानं एकेक करून खाचांत बसवायची, जोडण्या करायच्या आणि शेवटी वॉर्निश ओतून वाळवायचं. तारेवरचा पातळ मुलामा कुठं खरवडला गेला तर मोटार पुन्हा जळणार आणि शेतकरी पुन्हा दारात येणार. सगळा खेळ बोटांचा.

आता गंमत अशी, की या धंद्याचा हंगाम ऐन थंडीतला. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस ते. शेतीची वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की दाब उतरतो. दाब उतरला की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. कधी तीनातला एक फेज जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग रात्री अकराला मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवून मोटार दुकानात येते. "उद्याच्या पाळीला पाणी लागलं पाहिजे" एवढंच वाक्य. पोरगा रात्रभर बसतो.

मला झोप कमी. लिहिण्याचं काम रात्रीच होतं, तेही आता फारसं होत नाही. त्यामुळे बाराच्या सुमारास एक चक्कर त्याच्या दुकानापर्यंत, हा माझा परिपाठ. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत असाच गेलो, तर हा दोन्ही तळवे काखेत दाबून बसलेला.

"नाना, बोटेच वयतस नहीत. तार हातमा धरी तं समजस नही."

स्टेटरच्या पोकळीत त्यानं शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवला होता. वॉर्निश वाळवायची ही रिवायंडिंगवाल्यांची जुनी युक्ती. तसला बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो, शंभरातली नव्वदहून अधिक. मधूनमधून तो त्या बल्बावर बोटं शेकत होता आणि पुन्हा तार धरत होता. वरून पत्रा गारठलेला. निरभ्र रात्री पत्रा आपली ऊब आकाशाला देऊन टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग आतल्या माणसाच्या श्वासातली वाफ त्याला चिकटते आणि पहाटे थेंब गळू लागतात, तेही नव्या वाइंडिंगवर.

मी खोलीकडे नजर फिरवली. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं फट. दाराखाली फट. मागच्या झरोक्याला झाकण नाही. मी शहाण्यासारखा म्हणालो, "अरे, ऊब राहील कशी? आधी फटी बुजव. पत्र्याखाली थर्माकोल लाव. खोली डब्यासारखी बंद झाली पाहिजे."

सल्ला चुकीचा नव्हता, पण तो अर्धा होता. बँकेतल्या सबंध नोकरीत अर्धा कागद वाचून मी कधी सही केली नाही. इथे मात्र फटी बुजवल्यावर तो आत काय करील, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पोरानं चार दिवसांत काम उरकलं. पत्र्याखाली थर्माकोल, फटींत चिंध्या आणि सिमेंट, झरोक्यावर पत्र्याचा तुकडा, दाराला आतून गोणपाट. आणि पाचव्या रात्री घमेल्यात बाभळीचे कोळसे फुलवून, धूर पूर्ण निवल्यावर, ते घमेलं आत घेऊन त्यानं कडी लावली. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं.

त्या रात्री मी सर्दीनं आडवा होतो, चक्कर मारली नाही. त्याला वाचवलं ते एका शेतकऱ्याच्या उतावळेपणानं. मोटार पहाटे पाचला न्यायची ठरली होती, पण पाळी चुकेल या धास्तीनं तो तीनलाच येऊन दार ठोकू लागला. आत दिवा चालू, ओ मात्र नाही. आधी त्यानं पोराला शिव्या दिल्या, मग घाबरला, मग दाराला लाथा घातल्या. गोणपाटासकट कडी उखडली. पोरगा मोटारीवर डोकं टेकून बसला होता. ओढून ओसरीवर आणला, तेव्हा श्वास चालू होता. जीपमध्ये घालून नंदुरबारला नेला. ऑक्सिजन लावल्यावर उजाडताना त्यानं डोळे उघडले.

नंतर मी त्याला विचारलं, काहीच कसं कळलं नाही? म्हणाला, "डोकं दुखनं थोडं. मंग झोप उनी. माले वाटनं, गरम व्हयनं म्हनीसन झोप उनी."

मला या वाक्यानं आजही शहारा येतो. थंडीत ऊब मिळाली की झोप येतेच. त्यात संशय घेण्यासारखं काय आहे?

कोळसा पुरेशा हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली, किंवा निखारे जाडसर थरात धुमसत राहिले, की कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूची ने-आण करतं. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे बसमधली सगळी आसनं त्यानं आधीच अडवलेली, प्राणवायू स्टँडवरच उभा. "खोलीतला ऑक्सिजन संपला" असं आपण म्हणतो, पण तो संपायच्या कितीतरी आधी हा वायू आपलं काम करून जातो. स्वच्छ हवेत आणलं तरी रक्तातला निम्मा वायू निघायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच तासा-दीड तासावर येतं. म्हणून दवाखाना गाठायचाच.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती प्रत्येक घरात ठाऊक असावी. २०२० च्या कोरोनानंतर बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र घरोघरी आलं. या विषबाधेत ते यंत्र फसतं. वायूनं व्यापलेलं रक्तही त्याला प्राणवायूनं भरलेलं वाटतं आणि ते खुशाल ९७-९८ दाखवतं. तेव्हा बंद खोलीत शेगडी होती आणि डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, एवढं पुरेसं समजावं. आधी मोकळी हवा, मग दवाखाना.

यात अडाणी-शहाणा हा भेदच नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांनी कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या जिण्यावर 'जर्मिनल' ही कादंबरी १८८५ साली लिहिली. खाणीतल्या जीवघेण्या वायूंबद्दल त्यांच्याइतकं ठाऊक असणारा लेखक त्या काळी विरळाच. त्याच झोलांचा मृत्यू सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिसच्या राहत्या घरी, निजायच्या खोलीत झाला. शेगडीचं धुराडं तुंबलं होतं आणि खोलीत हाच वायू साठला होता. पत्नी वाचली. धुराडं कुणी मुद्दाम बुजवलं, असा संशय पुढे कित्येक वर्षं घेतला गेला. ते काही असो, इतका जाणता माणूसही त्या वायूला ओळखू शकला नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञानं स्वतः तो वायू हुंगून प्रयोग केले आणि खाणीत छोटे प्राणी-पक्षी न्यावेत असं सुचवलं. कॅनरी पक्षी माणसाच्या आधी कोसळतो, तेवढ्यात माणसानं बाहेर पडायचं. ब्रिटिश खाणींमधून हे पक्षी अगदी १९८६ पर्यंत होते.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ प्रवासी, त्यांत चार मुलं, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या बातम्या आपण वाचतोच. त्यामागेही हाच वायू.

पोरगा घरी आल्यावर त्याच्या आईनं मला एक प्रश्न विचारला. त्याला पटकन उत्तर देता आलं नाही. "नाना, आपण तर लहानपणी रातभर शेगडीपाशी निजायचो. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असायची. तेव्हा कसं कुणाला काही झालं नाही?"

अगदीच कुणाला झालं नसेल असं नाही. तेव्हा कारण कळत नसेल, आणि 'थंडीनं गेला' म्हणून लोक गप्प बसत असतील. पण तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. त्याचं उत्तर घराच्या बांधणीत आहे. आमची जुनी घरं धाब्याची. पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि पावसाळ्यापूर्वी टाकलेली खारी. ही माती दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर हळूहळू परत देते. त्यामुळे मुळात शेगडीची गरजच कमी. शिवाय धाब्याला उजेडासाठी धारं ठेवलेलं, दारांच्या फळ्यांत फटी, चुलीचा धूर जायला वाट. सातपुड्यातल्या आदिवासींच्या घरात चूल रात्रभर धुमसते, पण भिंती कुडाच्या आणि कौलांतून वारा खेळता. डोळ्यांना आणि छातीला तो धूर वाईटच, पण तो वायू तिथं साठून राहत नाही.

धाबं पाडून आपण पत्रा आणला. पत्र्याला ऊब धरता येत नाही, म्हणून आपण फटी बुजवल्या. फटी बुजवल्या, पण शेगडी जुनीच ठेवली. जुन्या घराला जी शेगडी चालत होती ती नव्या खोलीला चालत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. मी तर नेमकं उलटं सांगून बसलो होतो.

तेव्हा उरलेला अर्धा सल्ला पुरा करणं माझ्याकडे लागलं. पोरानं थर्माकोल उपटून टाकायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, थांब, आधी हिशेब करू. आकडेमोडीची माझी खोड जुनी.

दहा बाय बारा म्हणजे साधारण ११ चौरस मीटर पत्रा. बाहेर १० अंश आणि आत २० हवे असतील, तर उघड्या पत्र्यातून साडेसहाशे वॅटच्या आसपास उष्णता सतत बाहेर जात राहते. त्याखाली दोन इंच थर्माकोल असेल तर हीच गळती पाऊणशे वॅटवर येते. आणि नुसत्या बसलेल्या माणसाचं अंगच सुमारे शंभर वॅट उष्णता टाकत असतं! म्हणजे छताची गळती भरून काढायला तो पोरगा एकटा पुरे. उरल्या भिंती, दार आणि खेळती हवा. त्यांच्यापुरतीच सोय बघायची.

थर्माकोल राहिला, पण उघडा नाही. तो पेटतो आणि त्याचा धूरही विषारी. दुकानात वॉर्निश, थिनर. म्हणून त्याच्या खाली सिमेंटच्या पातळ शीटचं छत केलं. विटेएवढी दोन भोकं कायमची ठेवली, एक दाराशेजारी जमिनीलगत आणि एक समोरच्या भिंतीत छताखाली. थोडी ऊब जाते, जाऊ द्यावी. वॉर्निश वाळवायचं काम खोलीबाहेर नेलं. ओसरीवर पत्र्याची एक पेटी केली, आतून सिमेंट शीट लावली, वाफ जायला वर भोक ठेवलं आणि आत बल्ब लावले. एका स्टेटरसाठी सबंध खोली कशाला तापवायची? काश्मिरी माणूस हेच करतो. फेरनच्या आत कांगडी घेतो, घर नाही तापवत. अर्थात निखाऱ्यांची कांगडीही बंद खोलीत निर्धोक नाहीच.

विजेच्या हीटरचं म्हणाल, तर त्यातून हा वायू येत नाही. पण लाल तापणारी उघडी कॉइल आणि थिनरची वाफ यांची गाठ पडू देणं म्हणजे वेगळ्या प्रकारे मरणं. शिवाय दोन हजार वॅटचा हीटर चार तासांत आठ युनिट खातो. कंपनी कुठलीही असो, एका युनिटात एका युनिटाचीच ऊब, त्यात कुणाची करामत चालत नाही.

मग मला आठवली नंदुरबारची मिरची. हिवाळ्यात शहराच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. जमीन लालभडक दिसते. हजारो पोती मिरची नुसत्या उन्हावर वाळते, कोळसा लागत नाही की वीज. हेच ऊन या खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर पडून फुकट जात होतं. लडाखमध्ये सोनम वांगचुक यांच्या 'सेकमॉल' संस्थेच्या इमारती अशाच उन्हावर उबदार राहतात. बाहेर पाणी गोठत असताना तिथली मुलं आत अभ्यास करतात. २०२१ मध्ये त्यांनी सैनिकांसाठी उन्हावर तापणारा तंबूही करून दाखवला. आपली थंडी त्यांच्यापुढे किस झाड की पत्ती!

सूर्याचं गणित आपल्याला फार सोयीचं आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, जमिनीपासून जेमतेम ४५ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. जूनमध्ये तोच सूर्य आमच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, म्हणून त्या खिडकीत तेव्हा दुपारचं ऊन शिरतच नाही. हिवाळ्यात घेणारी आणि उन्हाळ्यात न घेणारी अशी ही एकच दिशा.

गवंड्याला सांगितलं तर तो थापी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "दक्षिनले खिडकी? नाना, ती यमनी दिशा शे."

पोराची आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "यम आला तेव्हा सगळ्या खिडक्या बंदच होत्या, भाऊ. तू पाड भिंत."

खिडकी झाली. मोठी, काचेची. तिच्या आत तेलाचे दोन जुने ड्रम काळे रंगवून, पाण्यानं भरून उभे केले. पाण्याएवढी ऊब साठवणारी स्वस्त वस्तू दुसरी नाही. दोनशे लिटरचं एक पिंप दहा अंशांनी तापलं, तर त्यात सव्वादोन युनिटांच्या हीटरची ऊब साठते. सूर्यास्ताला काचेवर गोणपाटाचा जाड पडदा ओढायचा, म्हणजे दिवसाची कमाई रात्री त्याच वाटेनं निघून जात नाही. पायाखाली लाकडी फळी, अंगात घोंगडी, बोटं उघडी राहतील असे लोकरीचे हातमोजे. भिंतीवर मी माझ्याकडचं तापमापक नेऊन टांगलं. मागच्या जानेवारीत एका पहाटे बाहेर ९ होतं आणि आत १७. सतरा म्हणजे काही फार ऊब नव्हे, पण बोटं वळतात. तारेवरचा मुलामा हाताला कळतो.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती मात्र माझ्या हिशेबात बसत नाही. थंडीत रात्री पाणी द्यावं लागतं, म्हणून मोटार रात्री जळते, म्हणून पोरगा रात्री बसतो. शेतीला दिवसा वीज द्यावी म्हणून २०१७ पासून राज्यात सौर कृषी वाहिनीची योजना आहे. ती आमच्या भागातल्या प्रत्येक वाफ्यापर्यंत पोचली, की शेतकऱ्याला अंधारात साप-विंचवातून दारे धरायला जावं लागणार नाही आणि या पोरालाही रात्री घरी झोपता येईल. तोवर ती खिडकी आणि ती पिंपं.

मी अजूनही बाराला चक्कर मारतो. पूर्वी सहज जायचो, आता पाहायला जातो. कोळशाचं घमेलं ओसरीवर उघड्यावर असतं. मोटार घेऊन आलेले लोक त्याभोवती शेकत बसतात. त्याची आई रात्री एकदा चहा घेऊन येते.

उखडलेल्या दाराला पोरानं नवी फळी लावली, तेव्हा आतल्या कडीसाठी तो बाजारातून नवी कडी घेऊन आला होता. आईनं ती बसवू दिली नाही. घरात देवाच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याशेजारी ती कडी अजून कागदात गुंडाळलेली आहे. दुकानाचं दार रात्री नुसतं लोटलेलं असतं.